जर्मनमध्ये अडलेला शब्द

प्रश्न अगदी साधा होता, नवी भाषा शिकताना पहिल्या महिन्यात विचारतात तसला. शनिवारचा वर्ग संपत आला होता. फ्राउ एकांबी, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या बाई, रस्त्यावरच्या मोटरसायकलींच्या गोंगाटाला वैतागल्या, त्यांनी खिडकी ओढून घेतली आणि वळून विचारलं, “पेलाजी, तुझ्या घरी सगळ्यात जास्त कोण बोलतं?” पेलाजी उभी राहिली. उत्तर तयार होतं, ओठांवर हसूसुद्धा आलेलं होतं. माइन, ती म्हणाली, म्हणजे माझे. पुढचा शब्द होता फाटर, वडील. त्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकले, आणि टेकले ते तिथंच राहिले. घशात कुणीतरी मूठ आवळली. मानेमागून एक ऊन लाट वर चढली, डाव्या पायाचा अंगठा चपलेत मुडपला. हे सगळं तिच्या ओळखीचं होतं, जन्माच्या ओळखीचं. पण हे इथं कसं? गावाकडे सोडून आलेला एखादा माणूस परमुलखातल्या रस्त्यावर अचानक समोरून चालत यावा तसं तिला झालं. मागच्या बाकावरचा गिस्लँ हसून ओरडला, “अगं फाटर! फाटर!” तिला शब्द आठवत नाही असंच त्याला वाटलं. फ्राउ एकांबींनी त्याच्याकडे न बघता नुसता तळहात वर केला आणि त्या थांबल्या. पंखा फिरत राहिला. मग मूठ सैल झाली. “फाटर,” ती म्हणाली. “माइन फाटर.” “बरं. आणि काय बोलतात ते?” “गावांची नावं,” पेलाजी म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. कुणाला खरं वाटलं नाही, पण ते खरंच होतं.

तिचे वडील, आनिसे न्गाचू, दुआला शहरात बेपांदाच्या बस अड्ड्यावर गाड्या पुकारत. बाफूसाम, बांगांते, बाफांग, फुंबान! दोनच जागा राहिल्या, माई, दोनच! गाडी पूर्ण रिकामी असली तरी दोनच जागा राहिलेल्या असत. हातात कर्णा असायचा, पण त्यांना त्याची गरज नव्हती, पलीकडच्या चौकातल्या फळवाल्या बायकासुद्धा त्यांचा आवाज ओळखत. असल्या माणसाच्या पोटी ही मुलगी. ती सहा वर्षांची असताना त्यांनी तिला अड्ड्यावर नेलं होतं, स्टुलावर उभं केलं होतं आणि तिच्या तोंडाशी कर्णा धरला होता. “म्हण. गाण्यासारखं म्हण. बां-गां-ते!” आणि ती म्हणाली होती, लख्ख, एकदा नाही, चारदा. ड्रायव्हर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पप्पांनी तिला खांद्यावर घेऊन साऱ्या अड्ड्याला चक्कर मारली, गरम भजी खाऊ घातली, आणि ते वाटभर रडत होते की हसत होते ते तिला वरून दिसलं नाही. घरी आल्यावर तिनं आईकडे पाणी मागितलं, आणि ‘पाणी’ शब्दाचा पहिलाच आवाज घशात अडकला तो सुटेना. पप्पा दारातच उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं मागणंच सोडून दिलं आणि स्वतः उठून पाणी घेतलं. त्या दिवसापासून असेल किंवा त्याच्याही आधीपासून, ते तिच्या वाक्यांच्या टोकाशी उभे राहू लागले. गाडीच्या पायरीशी थांबून म्हाताऱ्या माणसांना हात देऊन उतरवून घेतात ना, तसे ते तिचे शब्द उतरवून घ्यायचे. दुकानात, चर्चमध्ये, शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर. “तिला म्हणायचंय की...” आणि ते जे म्हणत ते बरोबरच असे. एकदाही चुकले नव्हते, असं सगळ्यांना वाटे. कधीकधी तिच्या मनात यायचं, आपल्याला खरंच हेच म्हणायचं होतं का? पण तोवर ते म्हणून झालेलं असे, ऐकणाऱ्याची मान डोललेली असे, आणि उरलेलं वाक्य तिच्या तोंडात विरघळून जाई.

जर्मन तिच्या आयुष्यात शिरलं ते स्पॅनिशच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून. तेरा वर्षांची होती. शाळेत तिला तोतरी म्हणत, कुत्सितपणे नव्हे, उंच मुलाला उंच म्हणावं तसं. सरांनी उठवून जर्मन पुस्तकातला धडा वाचायला लावला तेव्हा सगळ्यांनी सवयीनं खाली बघितलं. आणि ती वाचत गेली. कुठलंसं कुटुंब तळ्याकाठी सहलीला गेलं, त्यांनी पाव खाल्ला, कुत्रा हरवला, कुत्रा सापडला. परिच्छेद संपला तेव्हा वर्गातली सगळी डोकी वर होती. शाळेतल्या, बाजारातल्या फ्रेंचमध्ये अडायचं, घरच्या मेदुंबा बोलीतसुद्धा अडायचं, गावाकडच्या आत्यानं उपाय म्हणून गोगलगायीच्या शंखातून पाणी पाजूनही अडायचं, आणि या खरखरीत, कुणाच्याच नसलेल्या भाषेत मात्र रस्ता मोकळा होता. पुढं शाळा संपली आणि ती या वर्गात यायला लागली, तेव्हा पहिल्या दिवशी दारातच तिनं स्वतःचं नाव सांगितलं. पेलाजी न्गाचू. अनोळखी माणसांसमोर स्वतःचं नाव तिनं तोवर कधी एका दमात उच्चारलं नव्हतं. ‘प’ तिचा वैरी होता, आणि देवानं नेमकं ‘प’चं नाव दिलं होतं. या वर्गात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. इथं एक दुसरीच पेलाजी राहत होती, गिस्लँशी वाद घालणारी, फाजील विनोद करणारी. मग ड्रेस्डेनच्या जर्मन विद्यापीठातून होकार आला आणि लीलच्या फ्रेंच विद्यापीठातूनही आला, तेव्हा निवडण्यासारखं काय होतं? एका देशात ती मुकी होती, दुसऱ्या देशात नव्हती. पण हे घरी कुणाला सांगणार? पप्पांना ती एवढंच म्हणाली होती की तिकडचा अभ्यासक्रम चांगला आहे. पप्पा म्हणाले होते, “तुला म्हणायचंय की लीलचाही वाईट नाही.” आणि तिनं मान हलवली होती.

जिन्यात फ्राउ एकांबींनी तिला गाठलं. त्यांच्या हातात खारवलेल्या शेंगदाण्यांची बाटली होती. वर्ग संपला की त्या जिना उतरताउतरता दाणे खात, आणि वर्गाबाहेर जर्मनचा एक शब्दही बोलत नसत.

“तू अडखळतेस?” त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं.

“ह... हो. लहानपणापासून.”

“वर्षभरात मी तर कधी ऐकलं नाही.”

“जर्मनमध्ये न... नव्हतं.”

“कधीच?”

“आजपर्यंत.”

त्यांनी तळहातावर दाणे ओतले, निम्मे तिच्या हातात दिले. जरा वेळ दोघी खात उभ्या राहिल्या. मग त्या एकदम हसल्या. “म्हणजे आत्ता कुठं तुला जर्मन यायला लागलं म्हणायचं! इतके दिवस शाळेच्या पुस्तकातलं बोलत होतीस पोरी. कुत्रा हरवला, कुत्रा सापडला. त्यात तुझं काय होतं अडायला?”

पेलाजीला हसू आलं नाही. “मग आता मी त... तिकडं जाऊन काय करू?”

“हे मला काय विचारतेस? जर्मनी म्हणजे काय तुझ्या जिभेवरचं औषध होतं का?”

होतं. तेवढंच होतं. पण हे म्हणायला फार लांब वाक्य लागलं असतं आणि खाली गेटाशी बाईंचा मुलगा गाडीचा भोंगा वाजवत होता.

मोटरसायकलवाल्यामागे बसून ती घरी निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं. न्दोकोतीच्या चौकात सगळी वाहनं एकमेकांत अडकलेली, प्रत्येकजण प्रत्येकाला शिव्या देतोय, आणि त्या सगळ्यातून भाजलेल्या केळ्यांचा गोड धूर चाललेला. तिचा चालक पाय टेकून पुढच्या ट्रकवाल्याला म्हणत होता, “काका, तुझ्या सासऱ्यानं दिलाय का रस्ता?” तिच्या डोक्यात मात्र मासा होता. खाणावळीत गेलं की तिला मासा हवा असायचा, निखाऱ्यावर भाजलेला, वर कांदा नि मिरची. पण माशाला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे तो ‘प’नं सुरू होतो. म्हणून ती मटण मागायची. वर्षानुवर्षं मटण खाल्लं तिनं. मैत्रिणी म्हणायच्या, पेलाजीला मटण फार आवडतं, आणि हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. हवा तो शब्द कधी घेतलाच नाही, येईल तो घेतला. मोठ्या भावाचं नाव टाळून थोरला म्हणायचं, मंगळवार टाळून बाजाराचा दिवस म्हणायचं, नाव विचारलं तर न्गाचूंची मुलगी म्हणायचं. मग देशही तसाच घेतला का आपण? म्हणता येतो म्हणून? आणि आज त्या देशातही ती मूठ येऊन बसली होती. उद्या तिथल्या ट्राममध्ये, दुकानात, परीक्षेत येऊन बसेल, आणि पायरीशी पप्पा नसतील. लीलमध्ये निदान काका होते. होनोरे काका, पप्पांचे धाकटे भाऊ, वीस वर्षं तिथं हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. त्यांच्या मुलीची खोली रिकामी होती. हिशेबशास्त्राचा अभ्यासक्रमही त्यांनीच शोधला होता. “आकडे बोलत नाहीत बाळा,” ते म्हणाले होते, “तुला बरं. बाहेर काही बोलायची वेळ आली तर मी आहेच. सगळीकडे येईन तुझ्याबरोबर.” ते येतील, यात तिला शंका नव्हती. त्यांच्या आवाजात अगदी पप्पांचीच ऊब होती. चालकानं एकदम गाडी फुटपाथवर चढवली, तिनं त्याचा शर्ट घट्ट धरला, आणि तिला जाणवलं की आपल्याला रडू येतंय ते भीतीचं नाही. आता जर्मनीला जायचं कारणच उरलं नव्हतं. आता नुसतं विचारायला हवं होतं, पहिल्यांदाच, की मला काय हवंय.

त्यांची वस्ती ओढ्याकाठच्या सखल भागात होती. घरांच्या भिंतींवर मांडीएवढ्या उंचीला एक तपकिरी रेघ होती, रंग दिला तरी दर पावसाळ्यानंतर परत येणारी. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टात सकाळी उठले तेव्हा पाणी खाटांना टेकलं होतं. पप्पांनी आधी कर्णा उचलून कपाटावर ठेवला, मग टीव्ही. आई जेवणाच्या टेबलावर पाय वर घेऊन बसली आणि करण्यासारखं काहीच नाही म्हणून केस विंचरू लागली. सगळे म्हणत होते, ओढा आला, ओढा आला. पेलाजी गुडघाभर पाण्यात उभी होती. एक प्लास्टिकचा चमचा तरंगत तिच्या पोटरीला लागला आणि पुढं गेला. ओढ्याकडे गेला. ओढ्याकडून आला नाही. तिनं वाकून पाण्यात हात धरला. पाणी मागून येत होतं, चढावरच्या नव्या रस्त्याचं गटार जिथं मधेच तुटलं होतं तिथून. बोटांच्या बेचक्यांतून ते इतकं स्पष्ट सांगत होतं की तिला आश्चर्य वाटलं, हे बाकीच्यांना कसं ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीच्या बैठकीत ओढ्याच्या बाजूनं भिंत घालायचं ठरलं. ती पप्पांच्या शेजारी बसली होती. तिनं तोंड उघडलं होतं. “प... पाणी म... म...” “मुलगी म्हणतेय पाणी मोठं होतं,” पप्पा म्हणाले, आणि लोकांनी माना हलवल्या. भिंत झाली. पुढल्या वर्षी पाणी त्या भिंतीला अडून चार दिवस घरातच मुक्काम करून राहिलं. तेव्हापासून ती वाचनालयात पाण्याबद्दल सापडेल ते वाचत आली होती. ड्रेस्डेनमध्ये हेच शिकवत होते. पाणी कुठून येतं, जमिनीखालून कसं चालतं, शहरात कुठं थांबतं. हे तिला कालही माहीत होतं. पण काल तिच्याकडे जर्मनीला जायचं दुसरं, जास्त मोठं कारण होतं, आणि त्याच्या आड हे कारण लहान मुलासारखं गप्प उभं होतं.

आई मागच्या अंगणात कोकीचे पुडे केळीच्या पानांत बांधत होती. चवळीच्या वाटणाचा आणि लाल पामतेलाचा वास घरभर होता.

“कुणाशी भांडून आलीस?” आईनं मान वर न करता विचारलं.

“नाही.”

“मग कुणाशी तरी भांडायचंय तुला. नाक बघ जरा आरशात.” आईनं दोरा दातानं तोडला. “काकांचा फोन येईल आता. लीलला गेलीस तर मला झोप लागेल. दुसरीकडे गेलीस तर नाही लागणार. पण झोपेचं काय घेऊन बसलीस, तू झाल्यापासून मला कुठं लागलीय?”

पेलाजी तिच्याजवळ बसली आणि पानं पुसून देऊ लागली. आईनं एकदा खांद्यानं तिच्या खांद्याला हलकेच ढकललं.

फोन आला तेव्हा पप्पा नुकतेच अड्ड्यावरून आले होते, घसा बसलेला, बुटांवर लाल धूळ. फोन पाण्याच्या जगला टेकवून त्यांनी टेबलावर उभा केला. पडद्यावर काकांचं टक्कल आणि मागं त्यांच्या स्वयंपाकघरातली पिवळी फरशी. दोघा भावांचं आधी नेहमीचं झालं. तू जाड झालास, तू म्हातारा झालास, अड्डा काय म्हणतो, थंडी गेली का. मग काका म्हणाले, “हं, आमची विद्यार्थिनी कुठंय? खोलीचे पडदे बदललेत बरं का. काय ठरलं?”

पप्पा वाकले. “होनोरे, तिला म्हणायचंय...”

“मी सांगते,” पेलाजी म्हणाली.

पप्पांनी खुर्ची थोडी सरकवली, पण हात टेबलावरच होता, तिच्या हाताजवळ, नेहमीसारखा तयार.

“काका, मी लीलला येणार न...” मूठ आवळली गेली. “न... न...”

“नक्की!” पप्पा आनंदानं ओरडले, बसलेल्या घशानंसुद्धा सगळं घर भरलं. “ऐकलंस ना? येणार नक्की म्हणतेय!”

काका टाळ्या वाजवत होते. आई पुड्यांचं पातेलं हातात घेऊन दारात थांबली होती. पेलाजीनं पप्पांचं मनगट धरलं, पहिल्यांदा हलकं, मग घट्ट. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती अजून त्याच शब्दावर उभी होती. दुसरा शब्द शोधत नव्हती, मटण मागत नव्हती. तोंड अर्धवट उघडं, मानेच्या शिरा ताठ, डोळे त्यांच्या डोळ्यांत. असं तिनं स्वतःला कुणाला कधी बघू दिलं नव्हतं.

“न... नाही,” ती म्हणाली. “येणार नाही.”

पडद्यावरच्या टाळ्या थांबल्या. “आवाज तुटतोय का? आनिसे, काय म्हणाली ती? तिला म्हणायचं असेल की यंदा नाही, पुढच्या वर्षी...”

“थांब, होनोरे,” पप्पा म्हणाले. त्यांची नजर अजून तिच्यावरच होती. “गप्प बस जरा. ती बोलतेय.”

मग ती बोलली. फार वेळ लागला. पाणी ओढ्यातून येत नाही, मागून येतं, हे सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्यात तिचे सगळे वैरी शब्द ओळीनं उभे होते आणि तिनं एकालाही वळसा घातला नाही. मध्ये आईनं पातेलं खाली ठेवलं. मध्ये काकांनी डोळे पुसले की चष्मा पुसला. ती म्हणाली की आकडे बोलत नाहीत हे खरं, पण मला बोलायचंय. ती म्हणाली की जर्मनमध्येही मी अडखळते, आजपासून, तेव्हा तिकडे मला सोपं जाईल म्हणून मी जात नाहीये. पडदे बदललेत त्याबद्दल तिनं काकांची माफी मागितली. मग काका खाकरून म्हणाले, “पडदे राहतील. ड्रेस्डेनहून ट्रेन असेलच की. नाताळला ये. आणि तुझ्या त्या पाण्याबद्दल मला परत सांग, हळूहळू. मला निम्मंच कळलं, पण ते तुझ्यामुळे नाही, मी शाळेतही असाच होतो.”

कोकी खाऊन झाल्यावर पप्पा दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. जरा वेळानं ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. समोरच्या घरात कुणीतरी बादलीत भांडी विसळत होतं, आकाश अजून पुरतं काळं झालं नव्हतं. पप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले होते. एवढा मोठा आवाज असलेला माणूस एवढा गप्प बसलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

“चुकलो मी आज,” शेवटी ते म्हणाले. “यापूर्वीही चुकलो असेन. त्या बैठकीत चुकलो, होय ना? तू कधी बोलली नाहीस.”

तिनं त्यांच्या बाहीवरची धूळ झटकली.

“मला एकाच गोष्टीची धास्ती वाटते,” ते म्हणाले. “तिथं तुला काय म्हणायचंय ते आधी कुणालाच कळणार नाही.”

“हो.”

त्या ‘हो’मध्ये काय होतं ते त्यांनी ऐकलं. ते बराच वेळ समोरच्या भिंतीवरच्या रेघेकडे बघत राहिले, मग तिच्याकडे वळून बसले, पाहुण्यासमोर बसतात तसे, नीट. “बरं, मग मला सांग,” ते म्हणाले. “जमिनीखालनं पाणी चालतं म्हणतेस. कसं चालतं?”

ती सांगू लागली. तिसऱ्याच वाक्यात शब्द अडला. पप्पांचे ओठ हलले, शब्द त्यांच्या जिभेवर आलेला तिला दिसला. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि ते वाट पाहत बसून राहिले.